सपाट दगडाखालचं सरपण

इर्या कोस्केला मुक्कामाच्या जागेवर होडीतून उतरली की खाली बघतच नाही. वर बघते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, हात कमरेवर. चिलटं तोंडात जातात, ती थुंकते आणि परत वर बघते. कोणतं झाड वाळलंय, कोणती मोडकी फांदी नुसती अडकून बसलीय, कोणता शेंडा तंबूच्या जागेकडे कललाय. तिचं म्हणणं साधं आहे. चूल वाकडी असली तर कॉफी सांडते, झाड वाकडं असलं तर माणूस सांडतो.

झाडांचं झालं की मग जमीन. होडी लावायचा खडक निसरडा आहे का, पावसाचं पाणी तंबूखालून वाहील का, लोकांच्या पायांनी माती झिजून मुळं उघडी पडलीत का. चुलीतली राख उकरून ती बाटल्यांची झाकणं आणि अर्धवट जळलेले चांदीचे कागद काढते आणि टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मग आत जंगलात जाऊन संडासाची पेटी बघते. पेटी म्हणजे खड्ड्यावर ठेवलेला झाकणाचा लाकडी खोका. भिंती नाहीत, छप्पर नाही, समोर नुसतं जंगल. त्यावर ती स्वतः बसून बघते. आणि सगळ्यात शेवटी तंबूच्या जागेवर डोळे मिटून चक्क आडवी होते. "पाठीला विचारल्याशिवाय जागा कळत नाही," म्हणते. एकदा टोरोंटोहून आलेलं एक जोडपं होडी लावून वर चढलं आणि ही बाई अशी पडलेली बघून किंचाळलं. इर्याने एक डोळा उघडून सांगितलं, "थांबा जरा, डाव्या कुशीचं राहिलंय."

आमच्या अटिकोकनमध्ये, कॅनडातल्या या तळ्यांच्या गावात, तिला ओळखत नाही असा माणूस नाही. बाप एइनो, फिनलंडहून आलेला सुतार. एकदा तिने लग्नही करून बघितलं. नवऱ्याला शहर हवं होतं, हिला तळी हवी होती, न भांडता वेगळे झाले. तळ्यांवरचं बर्फ वितळलं की कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, पाण्यात टाकायची, या तळ्यातून त्या तळ्यात, मध्ये जमीन आली की कनू डोक्यावर घेऊन चालायचं, आणि होडीवाल्यांच्या मुक्कामाची एकेक जागा तपासायची, हे तिचं काम. कोणती उघडी ठेवायची, कोणती बंद करायची, हे जंगलखात्याची कचेरी तिच्यावर सोडते. तिच्या पाठीपेक्षा कचेरीतल्या खुर्चीला जास्त कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तिची एक खोड मात्र कुणाला कधी उलगडली नाही. काम संपलं की ती सीडरचं वाळकं लाकूड बोटाएवढं बारीक फोडते, बर्चच्या सालीत गुंडाळते आणि एखाद्या सपाट दगडाखाली, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा जागी, सारून ठेवते. प्रत्येक मुक्कामावर. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी चार लाकडं ठेवावीत ही आमच्याकडची रीतच आहे, पण लोक चुलीशेजारी ठेवतात आणि जातात. हिच्यासारखं बाळ पाळण्यात ठेवल्यागत कुणी ठेवत नाही.

"तुझ्या पगारात लाकूडतोड लिहिलेली नाही," तिचा जोडीदार डेल्बर्ट म्हणायचा.

"आणि तुझ्या पगारात बडबड लिहिलेली नाही," ही म्हणायची.

डेल्बर्ट तळ्याकाठच्या अनिशिनाबे वस्तीतला, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी. पोट सुटलेला, गालात हसणारा. होडीत तो मागे बसतो, दिशा तो देतो, आणि पुढे बसून ही त्याच्या दिशेत चुका काढते. अनेक हंगाम असेच गेले. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, पण तसं म्हणायला गेलात तर दोघंही अंगावर येतील.

या वसंतात इर्याचा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी सांगितलं, होडी डोक्यावर घेणं आता बस झालं. तिने हा शेवटचा हंगाम म्हणून मागून घेतला. आणि नेमक्या याच हंगामात कचेरीतून निरोप आला. मॅनोमिन तळ्याच्या टोकावरच्या मुक्कामावर जुना पांढरा पाइन कललाय असं मासेमारीवाले सांगत होते. जाऊन बघ, जागा ठेवायची की मोडायची ते ठरव.

सगळ्या तळ्यांमध्ये हीच एक जागा तिला मोडायची नव्हती. का, ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. डेल्बर्टलासुद्धा. दरवेळी त्या टोकावर पोचलं की ती त्याला पेटीची बिजागरी बघायला आत जंगलात पिटाळायची आणि मग एकटीच खडकामागे जायची.

टोकावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. वारा पडला होता, म्हणजे चिलटांची चंगळ.

"वर बघ," इर्या म्हणाली.

"न बघून करतो काय? ते झाडच माझ्याकडे बघतंय."

पाइन खरोखरच कलला होता. शेंडा वाळून पांढरा पडलेला, बुंध्याच्या एका बाजूला मुळं जमिनीतून सुटलेली. डेल्बर्टने कुऱ्हाड उलटी धरून बुंध्यावर ठोकली. ढब्ब. थोडं वर ठोकली. ढब्ब. पोकळ माठासारखा आवाज.

"लांब करवत आहे आपल्याकडे," इर्या म्हणाली. "दोघं मिळून पाण्याच्या बाजूला पाडू."

"पोकळ झाड? ते कुठे पडेल हे त्यालाही माहीत नाही. माझी बायको मला अजून घरात घेते, इर्या. ते तसंच चालू राहू दे."

इर्या वळली. तंबूच्या जागेवर गेली आणि आडवी झाली. वर बघितलं तर आभाळ कमी आणि पाइन जास्त. नेमका छातीवर. ती उठेचना.

"झोपलीस काय गं?"

"बंद करावी लागेल," ती म्हणाली.

डेल्बर्ट जवळ आला आणि बघतो तर बाईच्या डोळ्यांतून पाणी कानात चाललेलं. तो गडबडला. या बाईने त्याच्यादेखत कितीतरी जागा मोडल्या होत्या. चुलीचे दगड उचलून तळ्यात फेकायचे, तंबूच्या जागेवर आडवेतिडवे ओंडके टाकायचे, पेटी काढायची, खड्डा बुजवायचा, नकाशावरची खूण पुसायची. थोड्या वर्षांत जंगल ती जागा गिळून टाकतं. हे सगळं ती शीळ घालत करायची.

"गुडघा दुखतोय का?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही त्याला.

"गुडघा नाही रे बाबा." ती उठली, नाक पुसलं आणि थेट पाइनच्या मुळापाशी, खडकाच्या आडोशाला गेली. या वेळी त्याला पेटीकडे पिटाळलं नाही. तिथे हातभर रुंद सपाट दगड होता.

"काढ, काढ," डेल्बर्ट म्हणाला. "इतकी वर्षं मी बोललो नाही. म्हटलं, बाईमाणूस आहे, लाजत असेल. पण मला ठाऊक आहे त्या दगडाखाली बाटली आहे ते."

"बाटली?"

"नाहीतर काय! दरवेळी मला संडासाकडे पाठवतेस आणि परत येतो तर चेहरा कसा उजळलेला!"

इर्याला रडता रडता हसू आलं. तिने दगड सरकवला. खाली बर्चच्या सालीत गुंडाळलेली सीडरच्या काटक्यांची मोळी. दुसरं काही नाही.

"ही माझीच," ती म्हणाली. "गेल्या वर्षी ठेवलेली. कुणी हातही लावलेला नाही. त्याच्या आदल्या वर्षीची पण अशीच पडून होती." आणि ती मटकन खाली बसली. "डेल्बर्ट, ती माणसं गेली रे. मी भेटायच्या आधीच गेली."

"कोण माणसं?"

मग तिने सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, आणि का ठेवलं तेही.

कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. त्या काळी या कामात बाई म्हणजे ती एकटी, आणि पुरुष मंडळी हिची मजा बघायला टपलेली. या टोकावर नवी पेटी पोचवायची होती. तेव्हाचा जोडीदार दात दुखतोय म्हणून झोपून होता. ही म्हणाली, एक पेटी तर न्यायची, त्याला काय दोन माणसं लागतात? पेटी बापानेच बनवलेली. एइनोला कचेरीने सांगितलं होतं, चार फळ्या ठोकून दे. त्याने कोपरे एकमेकांत दातांसारखे गुंतवून, खिळा न मारता, कपाटासारखी पेटी बनवली. गाव हसलं होतं, संडासाला कसली रे कलाकुसर! तो म्हणाला होता, माणूस निवांत बसतो ती जागा चांगली असावी.

तर ती पेटी हिने होडीच्या मधोमध उभी ठेवली, दोरीने आवळली आणि निघाली. बर्फ नुकतंच वितळलं होतं, आभाळातून पाणी आणि गारा एकदम पडत होत्या, आदल्या दोन-तीन दिवसांपासून तेच. शहाण्या माणसाने काठाकाठाने जावं. ही मधून गेली. तळ्याच्या मध्यावर वाऱ्याने पेटीला शिडासारखं धरलं. काय होतंय हे कळायच्या आत होडी उलटी, पेटी एकीकडे, वल्हं एकीकडे, आणि ही पाण्यात.

"त्या दिवसांतलं पाणी तुला माहीतच आहे," इर्या म्हणाली. "छाती आवळते. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटत नाही. वाऱ्यानेच या टोकाला आणून टाकलं मला, पोहून काही मी आले नाही. गळ्यात मेणाने बंद केलेली काड्यांची डबी होती. काड्या कोरड्या ठणठणीत. पण जाळू काय? प्रत्येक फांदी भिजलेली, प्रत्येक साल निथळणारी. बोटं वळेनात. डबी दातांनी उघडली तर काड्या चिखलात सांडल्या. एक उरली. मी ती दोन्ही तळहातांत धरली आणि या झाडाला टेकून बसले. म्हटलं, संपलं. सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? उद्या मी सापडणार आणि गावभर होणार, एइनोची पोरगी संडास नेताना मेली."

डेल्बर्ट ओठ दाबून बसला होता. इर्याने त्याच्याकडे बघितलं.

"हस. मी हसायची परवानगी देते."

"नंतर हसतो. तू सांग."

"टेकले तेव्हा पाय या दगडाला लागला आणि दगड हलला. खाली ही अशी मोळी. कोरडी. नखाएवढ्या बारीक काटक्या वर, जाड खाली, मध्ये सालीचे पापुद्रे. एक काडी आणि ही मोळी. भडकली रे, डेल्बर्ट. पहिल्याच फटक्यात. मग ओले ओंडकेसुद्धा जळले. दुसऱ्या दिवशी होडी पलीकडच्या खाडीत सापडली, तिच्यात बसून परत गेले. पेटीचं काय झालं विचारलं तर म्हटलं वाऱ्याने उडाली. त्यावर हिवाळाभर हसले मेले. खरं सांगितलं असतं तर आजही हसत बसले असते."

पुढच्या वर्षी ती मुद्दाम आली. आपल्या हाताने फोडलेल्या काटक्या दगडाखाली ठेवायला. दगड उचलला तर तिथे नवी मोळी आधीच होती. तिने ती घेतली, कॉफी केली, आपली ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी तिची गेलेली, तिच्या जागी दुसरी. असं चालू राहिलं. नाव नाही, गाव नाही, चिठ्ठी नाही. वसंतात हिची मोळी, शरदात त्यांची. कोणीतरी तिला दरवर्षी सांगत होतं, आहोत अजून. आणि ती सांगत होती, मीही आहे, तुमच्यामुळे.

"मला फक्त एकदा तोंडावर सांगायचं होतं," इर्या म्हणाली. "की तुमच्यामुळे मी आहे. आणि आता ही जागाही मीच मोडायची."

डेल्बर्टने दगडाखालची मोळी उचलून उलटसुलट बघितली.

"त्यांची मोळी कशाने बांधलेली असायची?" शेवटी त्याने विचारलं.

"बासवुडच्या सालीने. आतल्या सालीची लांब पट्टी असते ना, त्याने. आणि गाठ एकच, नेहमीची. इतक्यांदा सोडली आहे की झोपेतही घालीन." तिने बुटाची नाडी काढली आणि घालून दाखवली. दोनदा वळसा, मग खालून वर, आणि टोक आत दुमडून कानासारखं बाहेर.

"परत घाल."

तिने परत घातली. डेल्बर्टने टोपी काढली.

"अगं बये," तो म्हणाला. "ही तांदळाची गाठ आहे."

मॅनोमिन तळ्याच्या उथळ भागात रानतांदूळ होतो. पूर्वी पीक तयार व्हायच्या आधी बायका होडीतून जाऊन उभ्या रोपांच्या जुड्या बांधून ठेवायच्या, पक्ष्यांनी आणि वाऱ्याने दाणे झाडू नयेत म्हणून. कुणाच्या जुड्या कोणत्या, ते गाठीवरून कळायचं. ज्या बाईची गाठ, तिचा तांदूळ. दुसरं कुणी हात लावत नसे.

"आता कुणी बांधत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "पण ही गाठ मी लहानपणी होडीच्या तळाशी बसून हजारदा बघितलीय. फिलोमिन मावशीची आहे. आणि म्हातारी ठणठणीत आहे. निदान परवापर्यंत तरी मला शिव्या देत होती."

इर्या उभी राहिली. गुडघा विसरून.

जागा त्यांनी त्या दिवशी मोडली नाही. डेल्बर्टने आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे पाइनच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवला आणि म्हणाला, "आधी मावशीला विचारू. तिची जागा तिच्या पाठीमागे नको मोडायला." रात्री दोघं झाडापासून लांब, खडकावरच आडवे झाले आणि सकाळी वस्तीकडे निघाले. वाटेत मात्र तो हसला. होडी हलेपर्यंत हसला. "संडास नेताना!" म्हणायचा आणि परत सुरू. इर्याने वल्ह्याने पाणी उडवून त्याला नखशिखांत भिजवलं, तरी थांबेना.

फिलोमिन मावशीचं घर वस्तीच्या शेवटी, तळ्याकडे तोंड करून. दार ढकललं तर आत रेडिओ चालू, त्यावर बिंगो चालू, आणि मावशी तोंडात पेन धरून आकड्यांवर वाकलेली. नव्वदीला आलेली, चिमूटभर बाई, पायात लोकरीचे मोजे, गुडघ्यावर पांघरूण.

"मावशी, कोण आलंय बघ—"

"गप! एकच आकडा राहिलाय."

इतकी वर्षं थांबलेल्या इर्याला आणखी थांबावं लागलं. ती दाराशीच उभी राहिली, हातात वेलदोड्याच्या गोड पावाची पुडी धरून. हा पाव ती प्रत्येक फेरीला घरून भाजून नेते. ही पुडी त्या दगडापाशी कॉफीबरोबर खायची म्हणून राखलेली होती. मनात वाक्यं जुळवत होती आणि ती सगळी निसटत होती. रेडिओवर दुसरंच कुणीतरी जिंकलं. मावशीने रेडिओ बंद केला.

"ती एडना जिंकली. दर आठवड्याला तीच कशी जिंकते? बस. कोण ही?"

"मावशी, ही इर्या. होडीवाल्यांच्या जागा तपासते ती. माझी जोडीदार."

"हीच का ती, जिच्यामुळे तू घरी बायकोला उलट बोलायला शिकलास?"

"मीच ती," इर्या म्हणाली. तिने पुन्हा बुटाची नाडी काढली, गाठ घातली आणि मावशीच्या पांघरुणावर ठेवली. "मॅनोमिनच्या टोकावर. पाइनखाली. दगडाखाली. मावशी, मी पाण्यातून आले होते. सगळं ओलं होतं. तुमची मोळी होती."

मावशीने गाठ बोटांनी चाचपली. डोळ्यांनी आता तिला फारसं दिसत नाही. मग मान वर केली आणि एकच विचारलं.

"पेटली होती ना लगेच?"

"एका काडीत, मावशी. माझ्याकडे एकच उरली होती."

म्हातारीने डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डेल्बर्ट शेगडीकडे वळला आणि उगाच लाकूड सारत राहिला.

"जोसेफ माझा मोठा भाऊ," मावशी म्हणाली. "तळं नुकतंच गोठायला लागलं होतं. पातळ बर्फातून खाली गेला. ताकदीचा गडी, वर आला, त्या टोकापर्यंत आला. सकाळी आम्हाला सापडला तो त्या झाडाला टेकून. खिशात काडेपेटी होती, मेणकागदात. कोरडी होती पोरी, अगदी कोरडी. काटकी नव्हती." तिने गाठीवरून पुन्हा बोट फिरवलं. "तेव्हापासून ठेवत आले. तांदळाला गेले की ठेवायची. दुसऱ्या वर्षी दगड उचलायची. नेलेली दिसली की त्याला सांगायची, जो, अजून एक जण ऊब घेऊन गेला बघ. घरी येऊन त्या दिवशी गोड करायची."

"त्यातल्या बऱ्याच मी नेल्या," इर्या म्हणाली. तिला एकदम अपराधी वाटलं. "नुसती कॉफी केली मी त्यांवर."

"आणि बदल्यात ठेवल्यास त्या? तुझ्याच ना? जरा जाड फोडतेस." मावशी हसली, दात नव्हते तरी अख्खं तोंड हसलं. "मी नेऊन त्यावर चहा करायची. म्हणायची, हे जे कोणी आहे ते मनाचं चांगलं आहे, कुऱ्हाडीत कच्चं आहे." तिने इर्याचा हात धरला. हात हलका होता आणि गरम. "मीग्वेच, पोरी."

"अहो, तुम्ही कशाला! मी आभार मानायला आलेय. इतकी वर्षं—"

"तू तुझे मान, मी माझे मानते. तू जगलीस हे मला कुणी सांगितलं होतं? मी तर नुसत्या काटक्या मोजत होते."

इर्या रडली. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पण एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगितल्याशिवाय त्या हातात हात ठेवणं तिला बरं वाटेना. तिने सांगितलं की पाइन पोकळ झालाय, तंबूच्या जागेवर कललाय, आज ना उद्या पडणार, आणि ती जागा तिला बंद करावी लागणार. "तुम्ही नको म्हटलंत तर मी—" खोटं बोलून जागा उघडी ठेवणं तिच्या हातून झालं नसतं, आणि हे म्हातारीलाही कळत होतं.

"मग बंद कर," मावशी म्हणाली. "झोपलेल्या माणसावर झाड पडावं म्हणून मी भावाची आठवण ठेवलीय का तिथे? चूल मोड, तंबूची जागा मोड. आणि तो दगड काही झाडाला बांधलेला नाही. उचला आणि पाण्याकडच्या कपारीत नेऊन ठेवा, झाड पडेल त्याच्या उलट्या बाजूला. पाण्यातून जीव घेऊन आलेला माणूस नकाशा बघत नाही. तो पहिल्या खडकाला धरतो."

इर्याने डेल्बर्टकडे बघितलं. इतक्या जागांवर पाठ टेकवून झाली, पण झोपायची जागा आणि जीव वाचवायची जागा अशा दोन वेगळ्या जागा असू शकतात हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण मला जाववत नाही आता," मावशी म्हणाली. "पाय गेले. डेल्बर्टला सांगायचं तर याच्या तोंडात काही राहत नाही. गेले काही शरद नुसती फोडून ठेवतेय. बसून राहिल्यावर हात दुसरं काय करणार? मागच्या पडवीत पेटीत आहेत. आण रे, डेल्बर्ट. पेटीच आण."

डेल्बर्ट गेला. पडवीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग तो थांबला. मग त्याची हाक आली, विचित्र आवाजात, "इर्या, जरा इकडे ये."

पडवीत पेटी होती. लाकूड काळवंडलेलं, झाकणावर मांजर झोपलेलं. चारी कोपरे दातांसारखे एकमेकांत गुंतवलेले, एकही खिळा नाही. इर्याने मांजर उचलून बाजूला ठेवलं आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बापाचं काम ती अंधारातही ओळखते.

"रानतांदळाच्या दाटीत अडकलेली सापडली होती," आतून मावशी सांगत होती. "नवी कोरी. कुणी बसलेलंसुद्धा नव्हतं तिच्यावर. एवढी सुबक पेटी संडासाला कोण वाया घालवतं! भोकावर फळी ठोकली आणि काटक्यांना ठेवली. पाण्याचा टिपूस आत जात नाही. त्यानंतरची प्रत्येक मोळी तिच्यातूनच गेलीय."

इर्याने झाकण उघडलं. मोळ्या होत्या. एकीवर एक, काठोकाठ, बासवुडच्या पट्टीने बांधलेल्या, प्रत्येकीला कानासारखी गाठ. डेल्बर्ट या वेळी हसला नाही. तो तिच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "तुझा बाप भला माणूस होता."

दुसऱ्या दिवशी ते टोकावर परत गेले. चुलीचे दगड पाण्यात गेले, तंबूच्या जागेवर ओंडके पडले, खड्डा बुजला. इर्याने शीळ घातली नाही, पण रडलीही नाही. दगड दोघांनी मिळून उचलला आणि पाण्याकडच्या कपारीत नेऊन बसवला. मावशीची एक मोळी खाली सारली. बाकीच्या होडीत होत्या, पुढच्या मुक्कामांसाठी.

"पुढच्या वर्षी मी नसेन," इर्या म्हणाली.

"मी आहे ना. दरवर्षी ठेवीन."

"तू जाड फोडतोस."

"शिकव मग. मावशी तुलाही शिकवायचं म्हणत होती."

निघायच्या आधी इर्याने आपली, गेल्या वर्षीची, कुणी न नेलेली मोळी खडकावर मांडली आणि वर कॉफीचं भांडं ठेवलं. खिशातून डबी काढली आणि एकच काडी ओढली. लगेच पेटलं.